साबणाची फेरी चुकवू नका

टम्बलरमध्ये, म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या ड्रममध्ये, पॉलिश केल्यावर दगड दुधाळ दिसतायत म्हणून लगेच पॉलिशची पावडर बदलायला जाऊ नका. बहुतेक वेळा तो चिरांत बसलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे त्या पावडरचाच थर असतो. आधी दगड आणि ड्रम दोन्ही नीट धुऊन साबणाची फेरी द्या.

दीड किलोच्या ड्रमला एक मोठा चमचा टाकणखार (बोरॅक्स) आणि तेवढाच अंगाच्या साबणाचा कीस. साबण अगदी साधा घ्या, क्रीम-तेलवाला नको. पाणी वरच्या दगडांच्या जरा खाली राहू द्या आणि सहा-आठ तास फिरवा. फेस दाट हवा, म्हणजे दगड एकमेकांवर आपटत नाहीत. ड्रममधून कोरडा खडखडाट ऐकू आला, तर कीस कमी पडलाय.

साताऱ्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकणखार घालाच. जड पाण्यात साबणाचा चिकट साका दगडांवर बसतो, टाकणखाराने पाणी मऊ होतं. सोनार डाग देताना वापरतात तोच हा. कॅरमची बोरिक पावडर मात्र वेगळी, आम्लधर्मी. ती इथे कामाची नाही.

आणि साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावर उचललेला काळा दगड आरशासारखा चमकेल अशी आशा धरू नका. तो बेसाल्ट, बारीक छिद्रांचा. त्याच वाळूत अकीक (अ‍ॅगेट) शोधा, त्याचं खरंच सोनं होतं.

राहिलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, गाळ पाइपात घट्ट बसतो. कुंडीतही नको, बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात.