ग्रीक-रोमन पुराणं वाचायची आहेत? आधी पाट्या बघ
देवांच्या वंशावळी पाठ करायच्या भानगडीत आत्ताच पडू नकोस. देवांचा राजा झ्यूस, त्याची लफडी मोजता मोजता दमशील. त्यापेक्षा दवाखान्यांच्या पाट्या बघ. काठीला एकच साप, पंख नाहीत? ती अस्क्लेपियसची, वैद्यकाच्या देवाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात हीच आहे. दोन साप आणि वर पंख असतील तर ती हर्मीसची. हा देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही पाठीराखा! अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये हर्मीसचीच काठी चिन्ह म्हणून घेतली आणि दोन काठ्यांमधला घोळ आणखी पसरला. मुंबईत असशील तर फ्लोरा फाउंटनच्या माथ्यावरची फुलांची रोमन देवी बघून ये. आणि हो, वाचताना एकाच देवाच्या ग्रीक-रोमन नावांच्या जोड्या लिहून ठेव: हर्मीस-मर्क्युरी, झ्यूस-ज्युपिटर.