न शिकलेला पेपर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तासिका तत्त्वावर का होईना, कॉलेजात लागलीस, बरं वाटलं. पण एम.ए.ला केलास एकोणिसाव्या शतकाचा महाराष्ट्र आणि गळ्यात पडला प्राचीन भारताचा पेपर. ‘मलाच येत नाही ते पोरांना काय शिकवू?’ हे वाचलं आणि फादर हेरास आठवले.

हेन्री हेरास, जन्म १८८८, बार्सिलोनाचा. १९२२ साली हा जेझुइट (जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक संघ) पाद्री मुंबईत धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास शिकवायला आला. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. प्राचार्यांनी विचारलं, कुठला इतिहास शिकवाल? भारताचा. त्यातलं काय येतं? काहीच नाही. मग शिकवणार कसं? शिकून घेईन.

किस्सा रंगवलेला असेलही, पण पुढचं खरं आहे. १९२६ साली त्यांनी कॉलेजातच इतिहास संशोधन संस्था काढली. १९२७ला विजयनगरच्या आरवीडु घराण्यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. विषय कसा निवडला बघ. १५६५ची तालिकोटची लढाई झाली की आपली क्रमिक पुस्तकं विजयनगरला मूठमाती देऊन मोकळी होतात. हेरासांचा ग्रंथ त्या पडझडीनंतरच्या राजांचा. त्यातल्या दुसऱ्या वेंकटाच्या दरबारी जेझुइट पाद्री जाऊन राहिले होते, त्यांची पत्रं जेझुइट संघाच्या दप्तरात होती. आपल्या घरचीच ती पत्रं हेरासांनी शिलालेखांच्या जोडीला आणली.

तुझ्या घरात काय आहे? भाऊ दाजी लाड आणि भगवानलाल इंद्रजी. लेण्यांतले लेख त्यांनी कसे उतरवले, कसे वाचले, ही तुझ्याच शतकातली हकिकत. त्यांचं बोट धर आणि सातवाहनांत शीर. सनावळ्या नंतर पाठ होतील.

आणि चुकायला भिऊ नकोस. सिंधू लिपी आपण वाचली, ती द्राविडी भाषेची आहे, असं हेरासांनी १९५३च्या मोठ्या ग्रंथात मांडलं. ते वाचन विद्वानांनी मान्य केलं नाही. (माशाचं चिन्ह म्हणजे ‘मीन’, आणि द्राविडी भाषांत मीन म्हणजे तारासुद्धा, ही त्यांची एक कल्पना मात्र पुढच्या अभ्यासकांनी उचलली.) १९५५ साली ते गेले. मला ग्रंथांइतकंच मोल वाटतं ते त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांचं. जॉर्ज मोराएस त्यांतलेच. कदंब राजघराण्यावरचं त्यांचं पुस्तक १९३१चं. विद्यार्थ्याला मूळ लेखापुढे बसवायचं, हे तुला पहिल्या सत्रातही जमेल.

नोट्स मात्र डिक्टेट करू नकोस. मी पहिली तीन वर्षं तेच केलं, अजून लाज वाटते.

पाऊस उघडला की पोरांना नाणेघाटात, सातवाहनांच्या लेखापुढे ने. तारीख आधी कळव. गुडघ्यांनी साथ दिली तर मीही येईन.

तुझा,
सर