जपानमध्ये रस्त्यावर कचराकुंड्या नसूनही शहरं इतकी स्वच्छ कशी? आपल्याला हे का जमत नाही?

कुंड्या कमी आहेत कारण मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन या विषारी गॅसचा हल्ला झाला, त्यानंतर कोणी कुंडीत काही लपवेल या भीतीने स्टेशनांवरच्या आणि रस्त्यावरच्या बऱ्याचशा काढून टाकल्या. लोक रॅपर बॅगेत ठेवतात आणि घरी नेऊन टाकतात. झालं उत्तर. पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून डोकं फिरलं, कारण आमचे एक मामा टूरवर जपान बघून आले तेव्हापासून प्रत्येक लग्नात हेच ऐकवतात, "त्यांच्या रक्तातच आहे, आपल्या नाही."

आम्ही तेव्हा टोकियोत निशी-कासाईला राहायचो, तिथे आपले लोक भरपूर. माझ्या बाळंतपणाला आई आली, म्हणजे याच मामांची सख्खी बहीण. जपानी शून्य. फ्रिजवर कचऱ्याचं कॅलेंडर लावलेलं, जळणारा कोणत्या वारी, बाटल्या-डबे कोणत्या वारी, ते तिने नुसती चित्रं बघून पाठ केलं. पेट बाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोलायचं, विसळायची, चेपायची. दुधाचे खोके धुऊन, कापून, सपाट करून वाळवायचे आणि सुपरमार्केटच्या पेटीत टाकायचे. मला वाटलं वैतागेल, तर म्हणते कशी, यात नवीन काय आहे गं? खरंच काय नवीन, जन्मभर दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालून भंगारवाल्याला विकणारी बाई ती! खालच्या मजल्यावरच्या आजींशी तिची खुणांवर दोस्ती झाली, दोघी मिळून कावळ्यांसाठीची जाळी पिशव्यांवर नीट पसरायच्या. एकदा कोणाची तरी पिशवी गाडीने स्टिकर लावून तिथेच सोडली, तर आजींनी आईला हाताला धरून नेऊन दाखवली आणि आई दिवसभर मला विचारतेय, कोणाची असेल?

सगळी गोम इथेच आहे. पिशव्या आरपार दिसणाऱ्या, चुकीचं टाकलं की गाडी नेत नाही आणि अख्ख्या गल्लीला कळतं. रक्तबिक्त काही नाही.

रक्तात असतं तर १९६५ मध्ये टोकियोतल्याच युमेनोशिमाच्या डंपिंगवरून तिथल्या कोतो वॉर्डात माश्यांचे थवे घुसले नसते. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबेंनी कचऱ्याविरुद्ध युद्धच जाहीर केलं. सुगिनामी या टोकियोतल्या दुसऱ्या वॉर्डाच्या लोकांना कचरा जाळायचा प्लांट आपल्याकडे नको होता, म्हणून कोतोवाल्यांनी १९७३ मध्ये त्यांच्या गाड्या अडवल्या, की तुमची घाण आम्ही का घ्यायची? शेवटी सुगिनामीत प्लांट झाला, तोही भांडणं, कोर्टकचेऱ्या होऊन. आपल्याकडे आम्ही घरी ओला-सुका वेगळा करतो आणि खाली गाडीवाला डोळ्यांदेखत एकत्र ओततो, मग दोष माझ्या आईच्या रक्ताला? गाडी सुधारा आधी. ज्याची पिशवी चुकली ती त्याच्या दारात परत ठेवा, मग बघू जमतं की नाही.

हां, शाळेत पोरं वर्ग स्वतः झाडतात-पुसतात त्याचा फरक पडतो, ते मान्य. आणि तिकडेही सगळं गोड नाही, एकेक बिस्कीट वेगळ्या प्लास्टिकात असतं आणि बहुतेक कचरा शेवटी जाळतातच. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी टोकियोच्या शिबुयात जो उकिरडा झालेला असायचा तो मामांच्या टूरवाल्याने दाखवला नसणार, त्यांचे फोटो सगळे क्योतोच्या देवळांतले.