सगळं चांगलं झालंय, मग वाईट का वाटतंय?

समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरचा "तसं सगळं चांगलंच आहे मॅडम" म्हणाला की पुढचं मला आधीच कळतं. गिरगाव, लालबाग, नायगाव, वरळी. चाळ पाडून टॉवर झालेला असतो, नाहीतर हे स्वतःच कधीचे ठाणे-डोंबिवलीला गेलेले असतात, आणि आता कुठेच आपलं वाटत नाही.

एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून. वय छत्तीस, आयटीत, घोडबंदर रोडला टू बीएचके. बायकोने पाठवलेला. तक्रार काय, तर हा घराचं दार उघडं टाकतो आणि फोनवर ओरडून बोलतो. वाढला वरळीच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, संडास मजल्याला कॉमन. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या त्यात याच्या आईवडलांचंही घर आलं, ५०० चौरस फूट. आईने पेढे वाटले आणि हा त्या रात्री बाथरूमचा नळ सोडून रडला.

खरं सांगते, पहिली तीन सेशन्स मी भलतीकडेच गेले. तो म्हणाला होता, "ऑफिसात वरळी सांगितलं की विचारतात, सी फेस का? मी म्हणतो, हां, तिकडेच जवळ." मला वाटलं सापडलं, लाज आहे ही, श्रीमंतांच्या सी फेसआड चाळ लपवतोय. तेच उकरत बसलो, आणि तो दर वेळी मान डोलवून जसा आला तसाच घरी.

चौथ्या वेळी कोरा कागद पुढे केला, म्हटलं खोली काढा. (हे मी बऱ्याच जणांना करायला लावते. तासभर बोलून निघत नाही ते पेन्सिलीने निघतं, निदान माझ्या टेबलावर तरी.) त्याने मोरी काढली, पाण्याचं पिंप, लोखंडी कॉट, कॉटखाली स्वतःची झोपायची जागा, पोटमाळा. कागद सरकवला.

"दार कुठाय?"

बघतच राहिला. "काढलंच नाही... दिवसा लावायचोच नाही ना आम्ही."

"आणि हे काय?" खोलीबाहेर, चार घरं सोडून एक छोटा चौकोन होता, त्यात बादली.

"आजी राहायच्या तिथे. पहाटे पाणी आलं की त्यांचं पिंप मी भरायचो. सातवीपासून ते लग्न होईपर्यंत."

"आता कोणाचं भरता?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "ठाण्यात आठ वर्षं झाली मॅडम. मी चार दिवस दिसलो नाही तर वॉचमन सोडून कोणाला कळणार पण नाही."

तिथे माझ्याही डोक्यात ट्यूब पेटली. हा खोलीसाठी रडत नव्हता, खोलीत गैरसोयच होती. त्या गॅलरीत ज्याला हाक मारली जायची तो मुलगा याला हवा होता. आपण कोण हे आपण एकट्याने ठरवतो असं मला कधीच पटलेलं नाही, आजूबाजूचे आपल्याला ज्या कामासाठी हाक मारतात त्यातून ते घडत जातं. अमेरिकेत बॉस्टनची वेस्ट एंड ही जुनी वस्ती पाडताना तिथून हलवलेल्या कुटुंबांबद्दल मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीडने १९६३ साली लिहिलं तेव्हा त्याने या दुःखाला सरळ शोकच म्हटलं होतं, आणि माणूस गेल्यावर करतो तोच हा शोक, नवीन घर मोठं मिळालं म्हणून तो कमी होत नाही.

म्हणून "विसरून जा, पुढे बघा" हे मी कोणालाच सांगत नाही. जुनी जागा पाडण्याआधी एकदा आईवडलांना घेऊन जा, पोरांना "आमच्या वेळी" असं लेक्चर न देता कॉटखालची जागा मोजून दाखवा. आणि चाळीने लावलेली एखादी सवय नवीन घरात मुद्दाम चालू ठेवा, एकच, कारण बायकोलाही त्याच घरात राहायचंय. मोठ्या आवाजाचं म्हणाल तर गॅलरीच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायची सवय आहे ती, तो काही आजार नाही. आवाज कमी करता येतो.

या दोघांचं असं ठरलं की रोज संध्याकाळी सात ते आठ मेन दार उघडं, जाळीचं लावलेलं. बायको नाखूशच होती. दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, समोरच्या काकू जाळीतून कोथिंबीर आहे का विचारत होत्या. खाली लिहिलेलं, "नव्हती. खाली जाऊन आणून दिली."