चारनंतरचं पाणी

पत्र : आई ६६ वर्षांची. शिमग्यात पालखी घरी येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत आहे. चार महिने मी डोंबिवलीचं काम घरून करत गुहागरजवळ गावी तिच्यापाशी आहे. चिपळूणहून फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. वॉकर धरून ती पडवीत आठ-दहा पावलं टाकते. विसर्जनाला समुद्रापर्यंत चालत यायचं, असं ध्येय ठरवून मी भिंतीवर तक्ता लावलाय. पण ती मनावरच घेत नाही. हट्टी इतकी झालीय की दुपारी चारनंतर पाणीसुद्धा पीत नाही. संडास परसात, त्यामुळे रात्री मीच उचलून नेतो. तिच्यात जिद्द कशी आणू?

उत्तर : चारनंतर पाणी पीत नाही, हा तिचा हट्ट म्हणून तू लिहिलंस आणि लगेच पुढच्या वाक्यात त्याचं कारणही लिहून टाकलंस. ती दोन वाक्यं परत वाच.

सकाळी पिते ना ती पाणी? (पिताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांग.) रात्री लेकाने उचलून, पावसातून, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरून न्यावं लागू नये, म्हणून ती बाई तहान मारते आहे. लुगडं एका हाताने सावरत नाही आणि समोर मुलगा उभा. जिद्द कुठून आणू म्हणून विचारतोस? ती सगळी जिद्द रोज चारपासून उजाडेपर्यंत इथेच खर्च होते. मला तुझा राग आला, आणि तिच्यासाठी पोटात कालवलं.

शिवाय पाणी तुटलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीचा संसर्ग होतो, उठताना चक्कर येते. झटका येऊन गेलेल्या शरीराला हे परवडणारं नाही. झटक्यानंतर लघवीची घाईही अनेकांना होते. तसं असेल तर ती तुला सांगणार नाही, डॉक्टरांना सांगेल. त्या वेळी तू बाहेर थांब.

तो तक्ता आजच काढ. समुद्र तुझं ध्येय आहे, तिने मागितला नव्हता. तिचं ध्येय एकच ठेव : रात्री कुणी न उचलता लघवीला जाऊन येणं. हे तुला लहान वाटेल, पण बघ त्यात काय काय आहे. कुशीवर वळून उठणं, पाय जमिनीला टेकवून मिनिटभर बसणं, उभं राहणं, वळणं, एका हाताने कपडा सोडणं, बसणं, आणि हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा. मेंदू जे काम वारंवार करतो तेच शिकतो, त्यामुळे पडवीतली पावलं मोजून हे येणार नाही. पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा भराभर होते, नंतर वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. म्हणून फिजिओंना सांग, पुढचे काही आठवडे व्यायाम तिच्या खाटेपाशीच घ्या, याच कामाचा.

उद्याच चिपळूणहून कमोडची खुर्ची आण आणि खाटेला लागून, तिच्या उजव्या हाताला ठेव. मध्ये पडदा लाव. रात्री दिवा राहू दे, लुगड्याऐवजी गाऊन चालेल का ते तिलाच विचार. पहिल्या दिवसांत आधाराला जवळ राहा, पण डावा हात धरून ओढू नकोस, दुबळा खांदा त्याने दुखावतो. खुर्ची जमली की मग परसाची वाट. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घे, कारण जाताना उजवीकडे असलेला कठडा येताना डावीकडे येतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. किती दिवस लागतील ते फिजिओ आणि आई ठरवतील. तू तारीख घालू नकोस.

खुर्ची आली की त्या संध्याकाळी पाच वाजता पाण्याचा तांब्या तिच्या उजव्या हाताशी ठेव. आग्रह करू नकोस. ठेव आणि ओटीवर जाऊन बस.