चिऱ्याच्या घरात वाय-फाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांखळीजवळ आमचे जुने चिऱ्याचे घर आहे. १०० एमबीपीएसचे फायबर घेतले. कंपनीचा बॉक्स बाहेर सोप्यावर बसवलाय. तिथे वेग छान मिळतो, पण मधल्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो आणि स्वयंपाकघरात तर काहीच लागत नाही. दुकानदार सहा अँटेनांचा, साडेचार हजारांचा राउटर घ्या म्हणतो. आमची तयारी दोन-अडीच हजारांची आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, सांखळी

उत्तर : सहा अँटेनांचा राउटर घेऊ नका. राउटरने किती शक्तीने सिग्नल सोडावा याला नियमाने मर्यादा आहे. महागड्या राउटरलाही ती ओलांडता येत नाही. शिवाय वाय-फाय एकतर्फी नसते. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत पोचला तरी फोनचे क्षीण उत्तर राउटरपर्यंत परत यावे लागते आणि फोनची अँटेना आहे तेवढीच राहणार. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालते, आणि चार अँटेनांच्या राउटरवर बहुधा दोन एकीसाठी, दोन दुसरीसाठी असतात. त्यांची संख्या बघून भिंत पार होत नाही.

तुमची खरी अडचण भिंतीची आहे. जुन्या घरांत चिऱ्याची भिंत दीड फुटापर्यंत जाड असते, आणि चिरा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल धरतो. पाणी सिग्नल शोषून घेते, म्हणून मे महिन्यात कसेबसे चालणारे नेट जुलैत त्याच खोलीत बंद पडू शकते. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण अशा एका भिंतीतच तो खचतो. २.४ गिगाहर्ट्झ एखादी भिंत जास्त ओलांडतो, पण वेग कमी देतो. अशा घरात एका महाग राउटरपेक्षा वायरीने जोडलेले दोन साधे राउटर कितीतरी चांगले चालतात.

खरेदीआधी एक तपासणी करा. बॉक्स टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा जमिनीलगत असेल तर तो मोकळ्या जागी, पाच-सहा फूट उंचीवर आणि मधल्या दाराच्या रेषेत लावून बघा. फायबरची तार मात्र काटकोनात मुडपू नका. आतली काच तुटते किंवा प्रकाश गळतो आणि बॉक्सवर सिग्नल तुटल्याचा 'एलओएस' हा लाल दिवा लागतो. मग अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारचे एखादे अ‍ॅप घेऊन प्रत्येक खोलीत सिग्नलचा आकडा (डीबीएम) बघा. उणे ५० ते ६० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली काही खरे नाही. मधल्या खोलीत उणे ६७ च्या आत आकडा आला तर क्लासपुरती अडचण सुटलीच.

तसे झाले नाही, तर मधल्या खोलीत किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी दुसरा राउटर लावा. एसी१२०० वर्गाचा, गिगाबिट पोर्टचा (वायर जोडायची खाच १००० एमबीपीएसची असलेला) राउटर साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ यांची गोळाबेरीज. एकाच फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही. खोक्यावर पोर्टचा वेग १०/१००/१००० लिहिलाय का ते आवर्जून वाचा. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ला गिगाबिट पोर्ट आहेत, सी२०ला मात्र १०० चेच. खोकी शेजारी ठेवली तर फरक पटकन लक्षात येत नाही. (डी-लिंकच्या भारतीय कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आपल्या वेर्ण्यात आहे, पण म्हणून डोळे मिटून घेऊ नका. प्रत्येक कंपनीचे चांगले-वाईट दोन्ही मॉडेल असतात.) हजार रुपयांच्या आसपासचे एन३०० राउटर फक्त २.४ वर चालतात. घराचा मुख्य राउटर म्हणून ते नकोत, पण स्वयंपाकघरात दोन फोनांपुरते पुरतील. वाय-फाय ६ चा राउटर परवडला तर जरूर घ्या. फक्त तो भिंत जास्त भेदेल या आशेने नको.

उरलेले पैसे वायरीला ठेवा. कॅट-६, शुद्ध तांब्याची, बाहेरून न्यायची असेल तर काळ्या वेष्टनाची. 'सीसीए' लिहिलेली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त असते. पण ती लवकर तुटते, आणि आपल्या दमट हवेत जोडाशी खराब होते. १०० मीटरपर्यंत वेगात फरक पडत नाही. घरात बहुधा पंचवीस मीटर पुरते. कौलारू घरात मधल्या भिंती अनेकदा छपरापर्यंत जात नाहीत, तेव्हा भोक न पाडता भिंतीच्या माथ्यावरूनच वायर नेता येते. उंदीर कुरतडतात, म्हणून ती पीव्हीसी नळीत घाला आणि विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

जोडणी सोपी आहे. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' निवडा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवील. वायरीचे एक टोक कंपनीच्या बॉक्सच्या लॅन पोर्टला, दुसरे राउटरच्या वॅन पोर्टला. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे चालता चालता फोन आपोआप जवळच्या राउटरवर जातो. २.४ वर एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, नाहीतर दोघे एकमेकांच्या आड येतात.

घरात जुना राउटर पडून असेल तर खर्च फक्त वायरीचा. त्यात हा मोड नसेल तर आधी तो सुटा संगणकाला जोडा. कंपनीच्या बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, 'डीएचसीपी' (फोनांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि मग वायर लॅनमधून लॅनमध्ये जोडा. वॅन पोर्ट रिकामाच राहील. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिले की फोनला चुकीचा पत्ता मिळतो: वाय-फायच्या रेघा पूर्ण, पण पान उघडत नाही.

वायर न्यायला जागाच नसेल तर मेश संच (एकमेकांशी बिनतारी बोलणारे दोन-तीन राउटर) किंवा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा बॉक्स). साधा एकपट्टी रिपीटर त्याच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. तो नेट नसलेल्या खोलीत लावू नका. मुख्य बॉक्स आणि ती खोली यांच्या अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे लावा.

प्रश्न : मडगावच्या फ्लॅटमध्ये ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण वेग ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. राउटर बदलू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ९३ ते ९५ वर अडकलेला वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा नादुरुस्त वायर. राउटरवर १०/१०० असेल तर तोच बदला. गिगाबिट असेल तर आधी वायर बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक सुटली तरी जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते. प्लग काढून उजेडात धरा. समुद्राच्या हवेने सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल तर टोक कापून नवा प्लग क्रिंप करून घ्या.

प्रश्न : पावसात वीज गेली की नेटही जाते, आणि गेल्या वर्षी गडगडाटात राउटर जळला. काय करावे?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : वीज गेल्यावर नेट चालू ठेवायला राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी बॉक्स आणि राउटर दोन्हींचे अ‍ॅडॅप्टर वाचा. बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पण काही लहान राउटर ९ व्होल्टवर चालतात. त्यांना १२ दिले तर ते जळू शकतात. पिनची जाडीही जुळली पाहिजे. बॅटरीवर ८००० एमएएच लिहिले असले तरी ते ३.७ व्होल्टचे असते, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. दोन्ही मिळून १० वॉट ओढत असतील तर तूट धरून अडीच तास निघतात. फायबरचा बॉक्स यूपीएसवर जोडायला विसरू नका. नुसता राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

गडगडाटाचे वेगळे. मे-जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात तो जास्त. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून तांब्याची लॅन वायर किंवा जुनी फोन लाइन येत असेल तर धक्का थेट राउटरमध्ये शिरतो. फायबरच्या आधारासाठी लोखंडी तार असेल तर ती घराबाहेरच कापून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर स्पाइक गार्डचा भरवसा धरू नका. गडगडाट सुरू होण्याआधीच अ‍ॅडॅप्टरही काढा आणि वायरही.

प्रश्न : चवथीला घरात वीस-पंचवीस माणसे येतात आणि नेट बसते. मोठा राउटर घ्यावा का?
– एक वाचिका, फोंडा

उत्तर : एन३०० असेल तर हो, वीस फोन त्याला झेपत नाहीत. एसी१२०० असेल तर आधी दुसरे कारण तपासा. माटोळीचे, आरतीचे व्हिडिओ काढले की प्रत्येक फोन ते वाय-फाय मिळताच वर चढवू लागतो. प्लॅनचा अपलोड कमी असला की तो भरतो आणि सगळ्यांचेच नेट रखडते. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, पाहुण्यांना फक्त त्याचाच पासवर्ड द्या आणि शक्य असेल तिथे त्याला वेगमर्यादा लावा, २० एमबीपीएस म्हणा. घरचा सीसीटीव्ही आणि प्रिंटरही त्यामुळे वेगळे राहतात. मात्र राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये असेल तर काही मॉडेलांत गेस्ट नेटवर्क वेगळे राहत नाही. त्या वेळी ते कंपनीच्या बॉक्सवरच चालू करा. पाहुणे गेले की पासवर्ड बदला.