फेटाळलेल्या डिसॅबिलिटी पेन्शनचे अपील लिहिताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

माजी सैनिकांची डिसॅबिलिटी पेन्शनची, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी किंवा आजारासाठी मिळणाऱ्या पेन्शनची, कामे तू हाती घेतलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. दावा फेटाळल्याचे पत्र घेऊन आलेला माणूस बहुधा आपली सगळी नोकरी सांगू लागतो. ती शांतपणे ऐकून घे, पण अपील लिहायला बसण्यापूर्वी मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे त्याला तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कार्यवाहीची पूर्ण प्रत मागव. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून ती मिळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज कर. आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, या शेऱ्यासाठी बोर्डाने दिलेले कारण तुला तिथेच सापडेल. पुष्कळदा ते ‘आजार पीस स्टेशनवर (म्हणजे सीमेपासून दूर, शांततेच्या ठिकाणी) असताना सुरू झाला’ एवढेच असते. तुझे सगळे अपील त्या एका वाक्याला उत्तर देणारे हवे.

त्यासाठी भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद सर्वांत मोलाचा. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्पष्ट केले, की भरतीवेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, त्यामुळे सैनिकाला सेवा सोडावी लागली, तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरले जाईल, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नव्हे, तर सरकारवर असेल. मात्र तो निकाल 1982 च्या नियमांवर उभा आहे आणि 2023 मध्ये नवे नियम आले आहेत. म्हणून सेवामुक्तीची तारीख पाहिल्याशिवाय तो जोडू नकोस. अपिलासोबत कोणत्या महिन्यात कुठे तैनाती होती आणि पहिल्यांदा इस्पितळात कधी दाखल केले, याचा तक्ता जोड. फील्डवरून, म्हणजे सीमेवरच्या किंवा खडतर भागातल्या तैनातीवरून, परतल्यावर काही महिन्यांतच दुखणे उघड झाले असेल, तर पीस स्टेशनचे कारण तिथेच लंगडे पडते.

पहिले अपील सहा महिन्यांत करावे, तेही फेटाळले गेले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे. उशीर झालेल्या माणसाला परत पाठवू नकोस. तरसेम सिंग खटल्याच्या 2008 च्या निकालामुळे जुना पेन्शनचा दावाही ऐकला जाऊ शकतो, पण थकबाकी साधारणपणे तीन वर्षांपुरतीच मिळते, हे त्याला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांग; खोटी आशा लावणे मला अन्यायच वाटतो.

अपील इंग्रजीत गेले तरी सहीपूर्वी प्रत्येक परिच्छेद त्याला मराठीत वाचून दाखव, कारण तैनातीचे ठिकाण किंवा तारीख चुकली असेल, तर ती फक्त त्यालाच कळेल.

तुझा हितचिंतक